साखरेच्या आड लपलेला आजार

(आरोग्य कार्यकर्त्या आणि बचत गटांच्या प्रतिनिधी यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या पत्रिकेवर माझा विषय वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, हिपॅटायटिस सी काय आणि मधुमेह काय, हे दोन्ही डॉक्टरांचे विषय. यात आपला संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली दहा वर्षं रुग्णालयातल्या बायकांबरोबर आणि वस्त्यांमध्ये काम करते. औषध लिहून देणं हे माझं काम नाही. पण औषध लिहिण्याआधी जे प्रश्न विचारायला हवेत ते विचारले जात नाहीत, आणि बाईच्या बाबतीत तर हमखास विचारले जात नाहीत, हे मी रोज पाहते. म्हणून हा विषय आपला आहे.

आपण पंडुरोगावर बोललो, गर्भपिशवीवर बोललो, गर्भपाताच्या हक्कावर बोललो. साखरेवर मात्र फारसं बोललो नाही. मधुमेह म्हणजे शहरातल्या, बसून खाणाऱ्यांचा आजार, असं आपल्या मनात कुठेतरी होतं. ते आता खरं राहिलेलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या हिपॅटायटिस सी असलेल्यांचा अंदाज आहे ५५ लाखांचा. पहिला आकडा डोंगराएवढा, दुसरा त्यामानाने टेकडीएवढा. पण या दोन आजारांमध्ये एक वाट आहे आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंनी ये-जा होते. आज मला त्या वाटेबद्दल बोलायचं आहे.

आधी आजाराची ओळख

आपल्याकडे सगळ्याच काविळींना कावीळ म्हणतात. पण पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे होते ती कावीळ वेगळी. ती येते, आठ-पंधरा दिवस माणसाला आडवं करते आणि बहुतेक वेळा जाते. हिपॅटायटिस सी पाण्यातून होत नाही, अन्नातून होत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. दूषित रक्त चढवलं, वापरलेली सुई पुन्हा टोचली, नीट न उकळलेली शस्त्रक्रियेची हत्यारं वापरली, की तो शिरतो.

या विषाणूचा शोध लागला १९८९ साली. त्याआधी डॉक्टर त्याला 'ए नाही आणि बी नाही अशी कावीळ' एवढंच म्हणत. ज्यांच्या कामामुळे तो सापडला त्या तीन शास्त्रज्ञांना २०२० साली नोबेल मिळालं. म्हणजे आज साठी-पासष्टीत असलेल्या बाईची बाळंतपणं झाली, तेव्हा या विषाणूला नावसुद्धा नव्हतं.

लागण झालेल्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांचं शरीर स्वतःच विषाणू हटवतं. उरलेल्या सत्तर टक्क्यांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. थोडा थकवा, अंगदुखी, भूक मंदावणं. आता सांगा, आपल्यापैकी कुठल्या बाईला थकवा नसतो? पाणी भरून, रोजावर जाऊन, चुलीपुढे बसून थकलेल्या बाईला डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात, घरचे 'हिचं नेहमीचंच' म्हणतात आणि ती स्वतःही तेच म्हणते. वीस-वीस, तीस-तीस वर्षं यकृत आतून कडक होत जातं. शेवटी पोटात पाणी होतं, नाहीतर रक्ताची उलटी होते, नाहीतर कर्करोगाची गाठ निघते. पाळी चालू असेपर्यंत बायकांमध्ये ही झीज पुरुषांपेक्षा सावकाश होते आणि पाळी गेल्यावर वेग घेते, असं अभ्यास सांगतात. नेमक्या त्याच वयात तिच्या तब्येतीकडे बघणारं घरात कुणी उरलेलं नसतं.

यकृताचा आणि साखरेचा संबंध

साखर म्हटलं की आपल्याला स्वादुपिंड आठवतं. इन्सुलिन तिथे तयार होतं हे बरोबर. पण साखरेचं कोठार आहे यकृत. आपण जेवलो की रक्तातली जास्तीची साखर यकृत साठवून ठेवतं. रात्री आपण झोपतो, पोट रिकामं असतं, तेव्हा ते हळूहळू साखर बाहेर सोडतं, म्हणून मेंदू चालू राहतो. कोठार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं हा निरोप इन्सुलिन आणतं.

हिपॅटायटिस सी चा विषाणू या कोठारातच राहतो. तिथल्या पेशींमध्ये इन्सुलिनचा निरोप आत पोचवणारी जी यंत्रणा असते, ती तो बिघडवतो. निरोप दारापर्यंत येतो, पण आत कुणी ऐकत नाही. रक्तात आधीच साखर असते आणि यकृत आणखी सोडत राहतं. त्यातच यकृताला कायमची सूज असते, आणि त्या सुजेतून निघणारी द्रव्यं इन्सुलिनच्या कामात आणखी अडथळा आणतात. काही जणांच्या यकृतात चरबीही साठते. विषाणूच्या ज्या तिसऱ्या प्रकारात हे जास्त होतं, तोच आपल्या देशात सर्वाधिक आढळतो. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवायला लागतं. काही वर्षं ते पुरं पडतं. पुढे थकतं. त्या दिवशी बाईच्या कागदावर 'टाइप टू डायबेटिस' असं लिहिलं जातं.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. हिपॅटायटिस सी असलेल्यांत मधुमेह जास्त दिसतो, हे १९९० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या माहितीवरून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या पुढच्या ज्या लोकांना हिपॅटायटिस सी होता, त्यांच्यात टाइप टू मधुमेह असण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून जास्त निघाली. त्यानंतर अनेक देशांतल्या अभ्यासांतून हा संबंध दिसला आहे. जोखमीचं प्रमाण कुठे कमी, कुठे जास्त.

वाट दुहेरी आहे असं मी म्हटलं. ज्या बाईला हिपॅटायटिस सी आहे आणि मधुमेहही आहे, तिचं यकृत जास्त लवकर कडक होतं. यकृताच्या कर्करोगाचा धोकाही तिला जास्त. म्हणजे एक आजार दुसऱ्याला आणतो आणि दुसरा पहिल्याला बळ देतो.

इथे एक सावधगिरीचा शब्द. साखर आहे म्हणजे हिपॅटायटिस सी असणारच, असा अर्थ कृपा करून काढू नका. आपल्या देशातल्या बहुसंख्य मधुमेहींना हा विषाणू नाही. त्यांच्या मधुमेहाची कारणं दुसरी आहेत : अनुवंश, पोटाचा घेर, बदललेलं खाणं, हालचाल कमी होणं. इथून घरी गेल्यावर वस्तीत घबराट पसरली तर आपलं आजचं काम वाया गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की साखर असलेल्या ज्या बाईच्या पूर्वायुष्यात रक्ताचा, सुईचा, शस्त्रक्रियेचा धोका होऊन गेला आहे, तिची ही एक तपासणी झालीच पाहिजे.

बाईच्या आयुष्यात सुई कुठे कुठे येते?

हा प्रश्न मी गटांच्या बैठकीत विचारते. आधी सगळ्या म्हणतात, "आम्हाला काही नाही टोचलेलं." मग आठवायला लागतात. पहिल्या बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा बाटली चढवली होती. गर्भ पडला तेव्हा पिशवी साफ केली. कुटुंबनियोजनाच्या शिबिरात एका रांगेत चाळीस बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या. गर्भपिशवी काढली. दात उपटला. गोंदून घेतलं, त्या वेळी गोंदणारणीने एकाच सुईने साऱ्या गल्लीतल्या मुलींना गोंदलं. आणि अंगात कणकण आली की गावातल्या डॉक्टरकडून घेतलेलं इंजेक्शन आणि सलाईन, त्याचा तर हिशेबच नाही.

रक्ताची गोष्ट नीट समजून घेऊ. पैसे घेऊन रक्त विकणारे लोक ही आपल्या देशातली एकेकाळची नेहमीची व्यवस्था होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या जानेवारीत निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. दिलेल्या प्रत्येक बाटलीची हिपॅटायटिस सी साठी तपासणी करण्याची सक्ती तर त्यानंतर, या शतकाच्या सुरुवातीला आली. त्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं त्यांत बाळंतपणात अंगावरून खूप जाऊन मरणाच्या दारातून परत आलेल्या बायका किती असतील, याचा विचार करा. त्या वेळी त्या रक्तानेच त्यांचा जीव वाचला हेही खरं. त्या रक्तातून आणखी काही आलं का, हे त्यांना नंतर कुणी विचारलं नाही, हेही तेवढंच खरं.

आणि हा फक्त जुन्या काळचा प्रश्न समजू नका. शेजारच्या गुजरातमध्ये मोडासा इथे २००९ साली हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली आणि कित्येक माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे ती पसरल्याचं उघड झालं. बी चा विषाणू ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने सी चाही जातो. आपल्याच राज्यात ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या कमी वयात काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. त्यावर आपण बोललो ते बाईच्या शरीरावरच्या हक्काच्या भाषेत, आणि ते योग्यच होतं. त्यात मी एक भर घालते. गरज नसताना केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर संसर्गाचा एक धोकाही गरज नसताना येतो.

डायलिसिसवर असलेल्या बायका, थॅलेसेमियामुळे पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागणाऱ्या मुली, नशेची इंजेक्शनं घेणारी माणसं आणि त्यांच्या बायका, यांना धोका जास्त आहे. यांतलं कुणीही 'वाईट चालीचं' म्हणून आजारी पडत नाही. सुई स्वच्छ नव्हती म्हणून आजारी पडतं.

आयर्लंडच्या बायकांनी काय केलं

एक परदेशातली हकिगत सांगते, कारण ती चळवळीची आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर आईला अँटी-डी नावाचं इंजेक्शन देतात. आपल्याकडेही देतात. ते माणसाच्या रक्तद्रवापासून बनतं. आयर्लंडमध्ये १९७७ ते १९७९ या काळात तिथल्या सरकारी रक्तपेढीने बनवलेलं हे औषध दूषित होतं. कावीळ झालेल्या एका बाईचा रक्तद्रव त्यासाठी वापरला गेला होता. सुमारे हजार बायकांना हिपॅटायटिस सी ची लागण झाली. त्या आजारी म्हणून दवाखान्यात गेल्या नव्हत्या, मूल झालं म्हणून गेल्या होत्या.

ही गोष्ट उघडकीस आली १९९४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांनी. तोवर त्या बायका थकवा आणि सांधेदुखी अंगावर काढत जगत होत्या. उघडकीस आल्यावर त्या घरात रडत बसल्या नाहीत. त्यांनी 'पॉझिटिव्ह ॲक्शन' नावाची संघटना काढली, उपचार मागितले, चौकशी मागितली. ब्रिजिड मॅकोल नावाच्या बारा मुलांच्या आईने सरकारवर दावा लावला. नाव गुप्त ठेवून खटला चालवू द्या, ही तिची मागणी न्यायालयाने नाकारली. तरी तिने माघार घेतली नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये ती वारली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी न्यायाधिकरणाचा अहवाल १९९७ साली आला आणि रक्तपेढीचा दोष नोंदला गेला. बाधितांना भरपाई आणि मोफत उपचारांची सोय करणं सरकारला भाग पडलं.

आपल्या देशात असं किती ठिकाणी झालं असेल? त्यासाठी रुग्णालयांत नोंदी हव्यात. आपल्याकडे बाळंतपणाचा कागद बहुधा पत्र्याच्या पेटीत उंदरांनी खाल्लेला असतो.

"कुठून आणलंस?"

माझ्याकडे आलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही. वय अठ्ठेचाळीस, शेतमजूर. सहा वर्षं साखरेच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्या दुप्पट केल्या तरी साखर खाली येईना. प्रत्येक वेळी डॉक्टर तिला रागावायचे, "तुम्ही पथ्य पाळत नाही." ती बाई दिवसाला दोन भाकऱ्यांवर राहत होती. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस सी निघाला. दवाखान्याने शस्त्रक्रिया करायला नकार दिला आणि कागद हातात देऊन परत पाठवलं. काय झालंय, पुढे कुठे जायचं, एक शब्द सांगितला नाही.

घरी गेल्यावर नवऱ्याचा पहिला प्रश्न, "कुठून आणलंस?" सासूने तिचं ताट-तांब्या वेगळा केला. नातवाला जवळ घेऊ देईनात. माझ्याकडे आली तेव्हा ती म्हणाली, "बाई, साखर होती तोवर मी आजारी होते. आता मी विटाळ झाले." बोलता बोलता निघालं, की १९९४ साली दुसऱ्या बाळंतपणात तिला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. ते रक्त विकत आणलं होतं तिच्या नवऱ्यानेच, तिला वाचवण्यासाठी. हे मी त्याच्यासमोर मांडलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे दोष कुणाचाच नाही का?" मी म्हटलं, "दादा, तुमचा नाही आणि त्यांचाही नाही. ज्यांनी रक्त तपासलं नाही, दोष त्या व्यवस्थेचा."

म्हणून काही गोष्टी पाठ करून ठेवा आणि घरोघरी सांगा. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, मूल कडेवर घेतल्याने हा आजार होत नाही. नवराबायकोच्या संबंधातून लागण होण्याची शक्यता फार कमी असते. आईकडून गर्भातल्या बाळाला तो जाण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा इतकं आहे. अंगावर पाजायला हरकत नाही. फक्त स्तनाग्रांना चीर पडून रक्त येत असेल, तर तेवढे दिवस थांबावं. दाढीचं पातं, दातांचा ब्रश, नखं कापायचं यंत्र मात्र स्वतंत्र ठेवावं, कारण त्यांना रक्त लागलेलं असू शकतं. एवढीच काळजी पुरते. विटाळ कशालाच नाही.

तपासणी आणि उपचार

पहिली तपासणी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीची. ती पॉझिटिव्ह आली तर त्याचा अर्थ इतकाच, की हा विषाणू कधी तरी शरीरात येऊन गेला आहे. तो आजही आहे का, हे सांगते ती दुसरी तपासणी, आरएनए किंवा 'व्हायरल लोड' नावाची. पहिल्या कागदावर कुणाला आजारी ठरवू नका आणि कुणाला ठरवू देऊ नका. आजार बरा झाल्यावरही अँटिबॉडी बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येत राहतात. बरी झालेली बाई नंतर कुठल्या शस्त्रक्रियेला गेली की पुन्हा तोच कागद, पुन्हा तोच नकार. म्हणून बरं झाल्याचा आरएनए चा अहवाल लॅमिनेशन करून जवळ ठेवा, असं मी सांगते.

आता चांगली बातमी. हा आजार बरा होतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्ष-सहा महिने घ्यावी लागत, ती अंगाला सोसत नसत आणि गुणही बऱ्याच जणांना येत नसे. आता साधारण १२ आठवडे रोज गोळ्या घ्यायच्या असतात आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोक बरे होतात. यकृत फार कडक झालेलं असेल तर उपचार थोडे वेगळे किंवा जास्त दिवसांचे असतात.

या गोळ्यांचाही एक इतिहास आहे. सोफोसबुविर हे मुख्य औषध २०१३ साली अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीची किंमत होती एक हजार डॉलर. औषधांच्या मक्तेदारीविरुद्ध जगभर आवाज उठला. २०१४ साली भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत झपाट्याने उतरली. पंजाबात या आजाराला लोक 'काला पीलिया' म्हणतात. तिथे २०१६ साली राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांतून मोफत उपचार सुरू केले आणि साध्या सरकारी रुग्णालयांतूनही नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होऊ शकतात हे दाखवून दिलं. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली ठरावीक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. हा हक्क आहे, उपकार नाही. पण हे माहीत किती जणींना आहे? आज इथे हात वर करायला सांगितले तेव्हा तीन हात वर झाले.

विषाणू गेला की साखरेचं काय होतं? अनेकांची साखर उतरते, इन्सुलिनला शरीर पुन्हा नीट प्रतिसाद द्यायला लागतं, काहींचं औषध कमी होतं. ज्या बाईची गोष्ट मी सांगितली, तिच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. पण सगळ्यांचं असं होत नाही. दुसऱ्या एका बाईचा विषाणू गेला, साखर मात्र तशीच राहिली. तिच्या आईला आणि दोन्ही मावश्यांना मधुमेह होता. तेव्हा 'गोळ्या घेतल्या की साखर जाते' असा प्रचार आपण करायचा नाही. यकृत मात्र दोघींचंही वाचलं, हे महत्त्वाचं.

काही धोके सांगते. हिपॅटायटिसचा उपचार चालू असताना आणि नंतर काही आठवडे साखर वरचेवर तपासावी लागते. विषाणू हटल्यावर जुनाच डोस चालू राहिला, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांचा, तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, मनाने नाही. सगळी चालू औषधं डॉक्टरांना दाखवा, काही औषधांचं या गोळ्यांशी जमत नाही. गरोदरपणात हे उपचार सहसा देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात. यकृत कडक झालेलं असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कारण कर्करोगाचा धोका पुरता जात नाही. आणि या आजारावर लस नाही. एकदा बरं झालं म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही.

आणखी एक, खास आपल्यासाठी. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी तपासणी आहे, ती रक्तातल्या तांबड्या पेशींवर अवलंबून असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. रक्तक्षयात किंवा यकृत फार बिघडलेलं असताना ही तपासणी फसवू शकते, कधी जास्त दाखवते, कधी कमी. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही बघा, असं डॉक्टरांना विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

आपण काय करायचं

पहिलं काम आपल्या घरचंच. आपण वस्तीत साखर तपासणीची शिबिरं घेतो. बोट टोचायची सुई प्रत्येकीला नवी, एकदाच वापरायची, सर्वांसमोर फोडायची आणि सर्वांसमोर कडक डब्यात टाकायची. पेनसारखं टोचण्याचं साधन एकीवरून दुसरीवर फिरवायचं नाही. इन्सुलिनचं पेन तर सुई बदलूनही दोघींनी वापरायचं नाही. साखर शोधायला गेलो आणि विषाणू वाटून आलो, असं आपल्या हातून होता कामा नये.

दुसरं, साखर निघालेल्या बाईला चार प्रश्न विचारा. कधी रक्त चढवलं होतं का, कुठल्या साली? शस्त्रक्रिया किती झाल्या? गावात इंजेक्शनं किती घेतली, गोंदलं कुठे? घरात कुणाला यकृताचा आजार होता का? हे प्रश्न एकटीला, बाजूला घेऊन विचारा. सासू-नवऱ्यासमोर नाही. उत्तरांची नावानिशी यादी भिंतीवर लावू नका.

तिसरं, सुईचा मोह सोडायला शिकवा. गोळीने बरं होणाऱ्या तापाला इंजेक्शन नको आणि अशक्तपणाला सलाईन नको, हे आपण बायकांना पटवायला हवं. इंजेक्शन घ्यावंच लागलं तर "सुई आणि सिरिंज माझ्यासमोर फोडा" एवढं म्हणायला बळ लागतं. ते एकटीला येत नाही, गटाला येतं.

चौथं, नकार आला तर तो लेखी मागा. एचआयव्ही असलेल्यांसाठी २०१७ साली भेदभावविरोधी कायदा झाला. हिपॅटायटिस सी साठी तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून तर नकाराच्या नोंदी ठेवणं जास्त गरजेचं. दोघी-तिघी मिळून जिल्हा रुग्णालयात जा, उपचार केंद्र कुठल्या खोलीत आहे, कुठल्या दिवशी चालू असतं, गोळ्यांचा साठा आहे का, हे विचारून या आणि गटाच्या वहीत लिहा. गोळ्या नसल्या तर अर्ज द्या आणि पोच घ्या.

पाचवं, आपल्या बाळंतपणाचे, शस्त्रक्रियांचे, रक्ताचे कागद सांभाळा. मुलाची दहावीची गुणपत्रिका आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतो ना? आपलेही कागद त्याच पिशवीत ठेवायचे.

मैत्रिणींनो, साखर न उतरलेल्या बाईला "तू पथ्य पाळत नाहीस" म्हणणं सोपं असतं. सोपं यासाठी, की दोष तिच्या जिभेवर ढकलला की बाकी कुणाला काही करावं लागत नाही. त्यावर "पथ्याचं नंतर बोलू, आधी यकृत तपासा" असं म्हणणारी एक तरी बाई प्रत्येक दवाखान्यात तिच्या शेजारी उभी असावी. ते काम आपलं आहे. आता जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास आहे, तुमचे प्रश्न विचारा. आणि ज्यांना सर्वांसमोर विचारायचं नसेल, त्यांनी मला मागच्या खोलीत भेटा.